पावणेआठचा आकडा

बाबांना बीपी निघालं तेव्हा मी खराडीत सॉफ्टवेअर तपासायची नोकरी करत होते आणि आईबाबा शहराच्या दुसऱ्या टोकाला, धायरीला. रोज जाणं अशक्य, म्हणून मी एक मशीन घेऊन दिलं. दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं, घरच्या वाय-फायवरून आकडा थेट माझ्या मोबाइलवर. काय खूश होते मी स्वतःवर!

बाबा शाळेतले निवृत्त हेडक्लार्क. बरोबर साडेसातला मोजायचे आणि फिरायला जायचे. आकडा छान असायचा. पण काही दिवसांनी पावणेआठला दुसरा आकडा यायला लागला, एकशे ऐंशीच्या वर. मी बाबांना फैलावर घेतलं. "लोणचं खाल्लंत ना? खरं सांगा."

"अगं, मी एकदाच मोजतो. दुसऱ्यांदा मोजायला मी काय रिकामटेकडा आहे?"

"मग काय भुतानं मोजलं?"

असं चार-पाचदा झालं. शेवटी मी ठरवलं, मशीनच बिनसलंय. पावणेआठचा आकडा आला की ऑफिसच्या बसमध्ये बसल्या बसल्या मी तो पुसून टाकायचे. डॉक्टरांना बाबांचा तक्ता स्वच्छ दिसायला हवा ना!

एकदा आईनं फोनवर विचारलं, "काय गं, ते मशीन चुकतं का कधी?"

"चुकतं तर! रोज चुकतंय मेलं. तू नको त्यात डोकं घालूस."

"बरं," आई म्हणाली. तिचा आवाज जरा मोकळा वाटला. मग बराच वेळ चकलीच्या भाजणीबद्दल बोलत राहिली.

दिवाळीआधी ती स्वयंपाकघरात कोसळली. मेंदूत रक्तस्राव. डॉक्टरांनी विचारलं, "यांना बीपीच्या गोळ्या चालू होत्या?" मी ठणकावून सांगितलं, "आईला बीपी नाहीच. ते बाबांना आहे." तिसऱ्या दिवशी ती गेली.

तेराव्यानंतर बाबांनी पुन्हा मोजायला सुरुवात केली. साडेसातचा आकडा आला. पावणेआठला काहीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी ऑफिसच्या बसमधून मध्येच उतरले. तशीच धायरीला गेले.

"मी पट्टा तसाच टाकून फिरायला जायचो," बाबा म्हणाले. "आलो की नीट गुंडाळून ठेवलेला असायचा. आता पडलेलाच असतो."

आमच्याकडे सगळ्यांचं झाल्यावर आई स्वतःचं ताट वाढून घ्यायची. पट्टाही तिनं तसाच घेतला, बाबांचं झाल्यावर.

पुसलेले आकडे परत आणता येतात का, ते मी आठवडाभर शोधलं. येत नाहीत. तिनं विचारलं त्या दिवशी मी फक्त एवढंच म्हणायला हवं होतं, "का गं आई, कुणाचं मोजलंस?"