एका वाक्यात एकच भाषा

वसुमती टीचरांना मिसळलेलं काही खपत नसे. ताटात सांबाराचा ओघळ भाजीला लागला तरी त्यांच्या कपाळावर आठी पडे. तंजावरच्या मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून त्या निवृत्त झाल्या, आणि घरी बसवेना म्हणून आता दक्षिण वीथीतल्या एका क्लासमध्ये बँकेच्या परीक्षेचे शब्द घोटून घेतात. पापनाशम, ओरत्तनाडूहून पोरं सकाळची बस धरून येतात, तेव्हा टीचर आधीच फळ्यापाशी उभ्या असतात.

परवाचा धडा सरमिसळीच्या शब्दांचा होता. टीचरांनी एकेक शब्द निवडून वेगळा ठेवला. मेडली म्हणजे एकाला एक जोडून म्हटलेली गाणी. पोपुरी सुकवलेल्या पाकळ्यांची, वासाची. मिसेलनी पुस्तकांना शोभते. हॉचपॉच मुळात सगळं घालून शिजवलेला रस्सा, पण आज कुणाच्या निबंधाला तसं म्हटलं की त्याची अब्रू गेली म्हणून समजा. मिशमॅश त्याहून हलका, आणि रॅगबॅग तर उघडउघड चिंध्यांची पिशवी.

पुढच्या बाकावरच्या हरितानं हात वर केला. हरिताचं घरही टीचरांसारखंच, मराठा राजांच्या काळापासून इथं राहिलेल्या मराठी लोकांचं. तिनं विचारलं, आमच्या घरी मराठी, तमिळ आणि इंग्रजी एकाच वाक्यात बोलतात, त्याला यातला कुठला शब्द लावायचा? टीचरांच्या जिभेवर मिशमॅश आलं होतं. पण पोरगी इतक्या कौतुकानं आपल्या घराबद्दल विचारत होती की त्यांच्यानं ते बोलवेना. उद्या सांगते, म्हणाल्या. उत्तर उद्यावर टाकायची ही त्यांची पहिलीच वेळ.

घरी आल्या तरी मन थाऱ्यावर येईना. पंखा लावला, बंद केला. कॉफी केली आणि तशीच ओट्यावर ठेवून दिली. या घरात एके काळी टीचरांचा नियम होता: एका वाक्यात एकच भाषा. ज्याची भाषा मिसळेल त्यानं वाक्य पहिल्यापासून म्हणायचं. नवरा बिचारा बोलणंच कमी करून मोकळा झाला. सापडली ती मुलगी, हरिप्रिया.

नऊ वर्षांची असताना ती परसातून धावत आली होती. आजोबा घसरून पडले होते, आणि ते सांगताना तिच्या तोंडून अर्धं मराठी, अर्धं तमिळ निघालं. टीचर वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, पहिल्यापासून म्हण. पोर उभी राहिली, धाप आवरली, आणि तिनं सगळं इंग्रजीत सांगितलं, एकही चूक न करता. आजोबांचं मनगट मोडण्यावरच निभावलं. पण त्या दिवसापासून हरिप्रिया आईशी इंग्रजीतच बोलू लागली. आणि टीचरांना, देवाशप्पथ, तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता.

आज ती बेंगळुरूला असते. दर रविवारी फोन करते, तब्येत विचारते, हवा विचारते, आणि सहा मिनिटांत ठेवते. तिच्या इंग्रजीत बोट ठेवायला जागा नसते. टीचर फोन ठेवून तशाच बसून राहतात. आपलीच मुलगी आपल्याशी परक्यासारखी बोलते, याचं त्यांना फार दुःख होतं, आणि ते कुणाला सांगायचं हे कळत नाही.

तो बुधवार होता. भर दुपारी त्यांनी स्वतःच फोन लावला. काय बोलायचं ते मनात नीट जुळवलं होतं, आयुष्यभराची सवय. पण पलीकडून मुलीचं हॅलो आलं आणि सगळं विसकटलं.

“हरिप्रिया, साप्टियाम्मा? मज रोंब नाळा तुज एक सांगायचें होतें, मनांत एकच टेन्शन, कसें सांगूं म्हणून तेरियलै...”

जेवलीस का, खूप दिवसांपासून सांगायचंय, कसं ते कळत नाही: एवढंच तोंडून बाहेर पडलं. हरिप्रियानं इंग्रजीत, अगदी सावकाश, आज वार कोणता ते विचारलं. दोन्ही हात वर उचलता येतात का, विचारलं. टीचरांना आधी काही उमगेना. मग लक्षात आलं. आईच्या एका वाक्यात तीन भाषा आल्या, म्हणजे तिच्या डोक्यात काहीतरी फुटलं, एवढाच अर्थ या मुलीला लागत होता. तिला दुसरा कुठला लागावा, असं आपण काही ठेवलंच नव्हतं. टीचरांना रडू आलं, आणि ते ऐकून पलीकडचा धीर सुटला.

“अम्मा, काय होतें तुज? बयप्पडूं नको. तेथेंच बैस, एळुंदू नको. दार तिरंदु ठेव, सुंदरमामांस इमीजिएटली पाठवतें. अम्मा, मी आहें न, लाइनवरच आहें, पेस अम्मा, कायतरी पेस...”

बोल, कायतरी बोल, म्हणून पोर विनवत होती; मी ठणठणीत आहे, एवढं सांगितलं असतं तर काम भागलं असतं. सुंदर, टीचरांचा धाकटा भाऊ, उन्हातान्हाचा धावत यायचा वाचला असता. टीचरांना ते कळत होतं. मुलीला उगाच घाबरवणं पाप आहे, हेही कळत होतं. पण त्यांनी फोन कानाशी घट्ट दाबला आणि आणखी थोडा वेळ तिला तसंच बोलू दिलं.