शाल माझी, पंख रेणुकाचे

मंडळी, राग उतरायच्या आत लिहून टाकते.

आज भिंगारच्या एका मंगल कार्यालयात आमचं ॲनिमे संमेलन झालं, म्हणजे जपानी कार्टूनमधल्या पात्रांसारखं सजून यायचं आणि शेवटी वेशभूषा स्पर्धा. वधूपक्षाची खोली हीच मेकअप रूम, आणि तिथली स्वयंसेवक मी. हातात ग्लू गन, कुणाचं काही तुटलं की चिकटवायचं.

देवळाली प्रवराची रेणुका वडिलांसोबत आली होती. फोमशीटचे काळे पंख तिने चार महिने खपून बनवलेले. एसटीत मोडू नयेत म्हणून वडिलांनी ते उभ्यानं धरून आणले. "ताई, आमचा नंबर कवा हाय?" ते सारखे विचारत होते.

प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले. मग त्यांना शाल-श्रीफळ, त्यांच्यासोबतच्या प्रत्येकाला शाल-श्रीफळ. वर संस्कारांवर भाषण. तोवर हॉल सोडायची वेळ झाली.

"स्पर्धा राहू दे, सगळ्यांचा एकच फोटो घेऊ," आयोजक म्हणाले. मुलांना हे सांगायचं काम माझ्याकडे.

फोटोत पंख मावेनात. "काढून ठेव गं तेवढे," हेही मीच म्हणाले. तिने ते काढून वडिलांकडे दिले.

शेवटी स्वयंसेवकांचा सत्कार. त्याला मात्र वेळ होता. माझं नाव पुकारलं आणि मी गेले.

आत्ताच ग्रुपवर फोटो आलाय. शाल घेऊन मी छान हसतेय. समोर सगळे टाळ्या वाजवतायत. रेणुकाचे वडील तेवढे वाजवत नाहीत, त्यांच्या दोन्ही हातांत पंख आहेत.

तुम्ही घेतली असती का हो ती शाल?