द्वारकाअक्का आणि तीन सुया

धुळ्यातल्या माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात द्वारकाअक्का पहिल्यांदा आल्या, तेव्हा मला वाटलं, या कुणाला तरी भेटायला आल्यात. बाकावरच्या प्रत्येकाशेजारी जरा वेळ टेकायच्या, त्याचा खांदा डोळे बारीक करून बघायच्या आणि विचारायच्या, "भाऊ, तुमले कोणतं इंजेक्शन दिधं?" उत्तर मिळालं की पुढच्याकडे. पाळी आली तेव्हा कळलं, पेशंट त्याच होत्या.

उजवा खांदा गोठलेला, म्हणजे फ्रोझन शोल्डर. मधुमेह असलेल्यांना हा त्रास जास्त होतो आणि अक्कांचा मधुमेह जुना. हात छातीपर्यंत जायचा आणि अडायचा. मी वर न्यायला लागले तशा म्हणाल्या, "हाऊ हात शे का लाकूड, पहिले हाई तू माले सांग."

सोबत सून होती, संगीता. खरं दुखणं तिने सांगितलं. गावात खापरावरचे मांडे करावेत ते अक्कांनीच. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत पसरवायचा आणि तापलेल्या खापरावर अलगद टाकायचा. त्याला खांदे मोकळे लागतात. हल्ली लग्नघरचं बोलावणं आलं की अक्का "माले ताप शे" असं सांगून घरी बसत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुली माहेरी येणार होत्या, त्यांनाही काही कळवलेलं नव्हतं.

हाडांच्या डॉक्टरांनी तीन पर्याय समजावले होते. एक, सांध्यात स्टिरॉइड. दुखणं लवकर उतरतं, पण साखर काही दिवस वर जाते. दुसरा, त्याच औषधासोबत मिठाचं पाणी भरून सांध्याची आक्रसलेली पिशवी ताणायची. तिसरा, स्वतःच्याच रक्तातला एक भाग काढून खांद्यात द्यायचा. त्याला वेळ लागतो आणि त्याबद्दल डॉक्टरांचं अजून एकमत नाही. अक्कांना एकाचं ऐकून भागेना, म्हणून बाकावर ही चौकशी.

तिथेच त्यांना पारसमलजी भेटले. बाजारपेठेत कापडाचं दुकान. त्यांचाही खांदा गोठलेला, वरच्या फळीवरचा तागा काढता येत नाही म्हणून आलेले. त्यांनी तिसरा पर्याय घेतला होता.

"अक्का, माझंच रक्त मला टोचलं. बाहेरचं औषध नाहीच," ते अभिमानाने म्हणाले.

"तुम्हनं तुमलेच दिधं, मंग डॉक्टरनी काय दिधं?"

पारसमलजी सदऱ्याची कॉलर सरकवून सुईची जागा दाखवू लागले.

अक्कांनी दुसऱ्या पर्यायाची, म्हणजे पाण्याची सुई घेतली. साखर चढली, त्या आठवड्यात त्या सगळ्यांवर चिडल्या. मग एक दिवस दारातूनच सांगत आल्या की आता उजव्या कुशीवर झोप लागते. पारसमलजी अजून कण्हत होते. अक्कांनी त्यांच्याकडे बघून जिंकल्याच्या थाटात जाहीर केलं, "मन्ही सुई जितनी."

पण काही महिन्यांत पारसमलजींचा हातही सुटला. दोघं शेजारी उभे राहून भिंतीवर बोटं चढवायचे आणि एकमेकांच्या बोटांवर नजर ठेवायचे. एकदा मी दोघांचे हात किती वर जातात ते मोजलं. जवळजवळ सारखेच. अक्कांनी मला पुन्हा मोजायला लावलं.

"मंग चांगली सुई कोणती?"

"तुमचं दुखणं लवकर उतरलं, त्यांचं उशिरा. पण दोघांवरून ठरवता येत नाही, अक्का. आणि व्यायाम दोघांनीही केला."

अक्कांनी पुन्हा भिंतीवर बोटं टेकवली. मग म्हणाल्या, "म्हणजे सुई कोणतीबी लेवा, भितवर हात ते आपलेच चढावना पडस." पारसमलजींना हे इतकं पटलं की ते दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही ऐकवू लागले.

आखाजी जवळ आली आणि अक्कांचा डावा खांदा धरला. असं होतं कधी कधी. मला सांगताना त्या हसल्या, "डावाले वाटनं, बठ्ठा लाड उजवानाच चालना." मग हळू आवाजात म्हणाल्या, "आखाजी उनी वं पोरी." डॉक्टरांनी साखर बघून इंजेक्शन थांबवलं होतं, आधी साखर खाली आणा म्हणाले. सणाला अक्का मांडे करू शकणार नव्हत्या.

या वेळी मात्र त्यांनी तापाचं कारण सांगितलं नाही. माझ्याच दवाखान्यातून मुलींना एकेक करून फोन लावला, दोन्ही खांद्यांची हकीकत सांगितली आणि शेवटी प्रत्येकीला बजावलं, "यंदा संगीताना हातना मांडा खावा लागतीन." शेजारी बसलेली संगीता दचकली. तिला हे तेव्हाच कळत होतं.

मला आखाजीचं आमंत्रण होतं. अंगणात चूल, चुलीवर पालथं खापर, भोवती मुली आणि शेजारणी, मध्ये खुर्चीवर अक्का. संगीताने गोळा हातांवर घेतला. "कोपर खाले नको," अक्का बसल्या जागेवरून सांगत होत्या, "फिराव, घाबरू नको, फिराव." मांडा मोठा होत गेला, पातळ होत गेला, आणि खापरावर टाकताना मधोमध फाटला. पुरण खापरावर सांडून करपलं. संगीताने मान खाली घातली.

अक्कांनी ताट पुढे केलं. "तो माले वाढ."

"राहू द्या ना अक्का, दुसरा करते."

"दुसराबी करशी. हाऊ मना शे." करपलेला तुकडा तोडून त्यांनी तुपात बुडवला, सावकाश चावून खाल्ला आणि सगळ्यांकडे बघत विचारलं, "फाटना म्हणीसन पुरण कडू व्हस का?"

संगीताने डोळे पुसले आणि दुसरा गोळा हातावर घेतला.