दाऊदभाईंचे वासरू

दाऊदभाई उतारूला भाडे सांगण्याआधी त्याच्या अंगावरून एकदा नजर फिरवीत. ओळखीचा असो की परका, ही नजर फिरल्याशिवाय त्याला मोटारीत पाय ठेवता येत नसे. मग ते त्याची जागा सांगत. एकदा बोर्लीच्या लग्नघरातले एक व्याही, चांगले भरलेल्या अंगाचे गृहस्थ, मागच्या बाकावर टेकले होते. दाऊदभाईंनी त्यांना उठवले आणि पुढे आपल्या शेजारी आणून बसवले. व्याह्यांना तो मान वाटला. त्यांनी दोनदा आभार मानले. म्हसळ्याला ते उतरून गेल्यावर दाऊदभाई मला हळूच म्हणाले, "बाई, मान सगळ्यांना द्यावा. पण वजन बघून द्यावा."

मी तेव्हा दिवेआगरच्या लहानशा दवाखान्यात नर्स होते. डॉक्टर म्हसळ्याला असत. वैधव्य आल्यावर मुंबईला जाऊन मी हे शिक्षण घेतले होते, आणि गावात मला सगळे नुसते बाई म्हणत. दाऊदभाई गावातल्याच एका व्यापारी मुसलमान घराण्यातले. त्यांचे वडील स्वतःच्या शिडाच्या मचव्यातून सुपारी-नारळ मुंबईला नेत. वडील गेल्यावर दाऊदभाईंनी मचवा विकला आणि एक जुनी मोटार आणली. मोटारीत माणसे मावत, सुपारीची पोती मावत ना. तेव्हा त्यांनी मोडीत निघालेल्या गाडीचा आस आणि दोन चाके मिळवून त्यावर लाकडी पेटारा बसवला, पुढे लांब लोखंडी दांडी लावली आणि ती मोटारीच्या मागे आकड्यात अडकवली. गाईमागून वासरू यावे तशी ती गाडी मोटारीमागून येई, म्हणून लोक तिला वासरू म्हणू लागले.

आमची पहिली भेट या वासरामुळेच झाली. दाऊदभाई आपल्या धाकट्या भावाला, युसूफला, दवाखान्यात घेऊन आले ते दोन माणसांच्या खांद्यावरून. पोराचा डावा पाय गुडघ्याखाली चेचला होता. लग्नाचा माल होता, तांब्याची भांडी आणि तांदूळ. भांडी आधी उतरवायची म्हणून ती पेटाऱ्यात अगदी मागे रचली होती, आणि त्यांवर राखण करायला युसूफ बसला होता. बोर्लीच्या पुढच्या उतारावर वासरू शेपटी हलवावी तसे डोलू लागले. दाऊदभाईंनी घाबरून ब्रेक दाबला. मोटार थांबू पाहत होती, मागचे ओझे थांबायला तयार नव्हते. पेटारा आडवा फिरून उलटला आणि युसूफ खाली सापडला.

डॉक्टरांनी पाय वाचवला, पण तो आखूड राहिला. म्हसळ्याहून युसूफला आमच्या दवाखान्यात परत आणल्यावर दाऊदभाई रोज खाटेशी येऊन बसत. मला एकदा म्हणाले, "बोजा जड हाय म्हणून गाडी पडली, असं लोक बोलतात. त्याच्याहून जड बोजा मी आधी नेला व्हता, बाई. तवा का न्हाय पडली?"  

त्यांची आई खातूनबी मात्र निकाल देऊन मोकळी झाली होती. तिने दाऊदभाईंना घरात जेवू घातले, आजारात त्यांचे डोके चेपले, पण मोटारीत पाऊल ठेवले नाही. नातेवाइकांकडे म्हसळ्याला जायचे तर ती दिवसभर बैलगाडीत बसून जाई. "एक पोरगा तुझ्या गाडीखाली गेला. आता मला घालू नको," एवढेच ती बोलली, आणि ते दाऊदभाईंनी मलाच सांगितले.

युसूफ काठी घेऊन चालू लागला त्या सुमारास गावात बातमी पसरली की दाऊदला खूळ लागले. ओहोटीला आमच्या किनाऱ्यावर ओली वाळू फरशीसारखी घट्ट होते. तिथे ते वासरू जोडून मोटार पळवीत होते. पोत्यांत वाळू भरलेली. कधी सगळी पोती मागे, कधी सगळी पुढे, कधी मध्ये. मीही एका संध्याकाळी बघायला गेले. युसूफ वाळूवर बसून वासराच्या चाकोऱ्या पाहत होता. पोती मागे असली की चाकोऱ्या सापासारख्या वळत. पुढच्या बाजूला असली की सरळ पडत. सगळीच पोती पुढे रेटली, तेव्हा मोटारीची मागची बाजू दबली, पुढची चाके हलकी झाली आणि मोटार सुकाणूचे ऐकेना. ती तशीच पाण्यात गेली. दाऊदभाई ओले होऊन बाहेर आले आणि म्हणाले, "ह्यो पण रस्ता बंद." एवढा शांत चेहरा मी त्यांचा अपघातानंतर प्रथमच पाहिला.

त्यानंतर त्यांनी आपला नियम केला. जड माल आसावर आणि त्याच्या थोडा पुढे, तळाशी. हलका माल मागे. भरून झाले की दांडी स्वतःच्या हाताने उचलून पाहायची. ती अलगद वर आली तर सगळा माल उतरवून पुन्हा भरायचा. "दांडीनं हात खाली वढला पायजे, पण मोडता कामा नये," असे ते म्हणत. वासरू डोलायला लागले तर ब्रेकला पाय लावायचा नाही, वेग आपोआप मरू द्यायचा. माणूस मालावर बसवायचा नाही. एका वाडीवाल्याने आपली पोती हवी तशीच रचायचा हट्ट धरला, तेव्हा दाऊदभाईंनी वासरू सोडवले, त्याच्या दारात ठेवले आणि रिकामी मोटार घेऊन निघून गेले. दुसऱ्या दिवशी तो माल त्यांच्या पद्धतीने भरला गेला.

दाऊदभाईंना जाऊन आता बरीच वर्षे झाली. छातीच्या दुखण्याने ते गेले, तेव्हा माझी बदली झाली होती. मला युसूफकडून कळले. त्यांची आठवण निघाली की मला एकच सकाळ आधी आठवते.

त्या सकाळी खातूनबी विहिरीवरच्या शेवाळावर घसरून पडली. मांडीचे हाड मोडले होते. मी फळ्या बांधल्या, पण तिला म्हसळ्याला डॉक्टरांकडे नेणे भाग होते. डोलीत प्रत्येक पावलाला हिसका बसला असता, बैलगाडीत त्याहून जास्त. मोटारीच्या बाकावर पाय लांब करता येत नव्हता. आडवे निजवता येईल अशी एकच जागा होती, वासराचा पेटारा. त्यात माणूस बसवायचा नाही हा दाऊदभाईंचा नियम मला माहीत होता, तरी मी ते बोलले. दाऊदभाई म्हणाले, "तुम्ही सांगाल तसं, बाई. मी तिला सांगणार न्हाय."

खातूनबीने मान हलवून नकार दिला. तेव्हा युसूफ काठी टेकत तिच्या उशाशी गेला.

"मा, मी बसतो तुझ्याजवळ."

ती त्याच्या पायाकडे बघत राहिली. मग तिने डोळे मिटले आणि आम्ही तो होकार धरला.

रिकामा पेटारा हलका, तो खड्ड्यांत उसळला असता. म्हणून दाऊदभाईंनी तळाला तांदळाची पोती अंथरली, त्यांवर गाद्या टाकल्या, आणि आईचे डोके पुढे येईल असे तिला निजवले. मी मागच्या कोपऱ्यात बसले होते. त्यांनी मला पुढे सरकवले. युसूफला समोरच्या बाजूला बसवले. दांडी उचलून पाहिली, ती फार जड लागली म्हणून आम्हाला दोघांना वीतभर मागे घेतले, पुन्हा उचलून पाहिली. मग ती आकड्यात अडकवली.

वाटभर खातूनबीने माझे मनगट घट्ट धरले होते. मोटार इतकी सावकाश चालली होती की एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला. बऱ्याच वेळाने तिने डोळे न उघडताच विचारले, "युसूफ, तो उतार कधी येणार?"

"तो मागं गेला, मा," युसूफ म्हणाला.

म्हसळ्याच्या दवाखान्याच्या दारात दोन माणसे तिला उचलायला आली. दाऊदभाई मोटारीपाशीच उभे होते, पेटाऱ्याकडे आले नाहीत. खातूनबीने त्या माणसांना हाताने थांबवले.

"दाऊदला बोलवा. तोच उतरवील मला."

ते आले. मोडलेला पाय मी सांभाळला, बाकीचा सगळा भार त्यांनी घेतला. आईने त्यांच्या गळ्यात हात टाकला आणि ती मोठ्याने कण्हली. सबंध वाटेत ती एकदाही कण्हली नव्हती.