निकाली दाव्याच्या तारखा

आमच्या घरात एखादा सण चुकला तर चालायचं, पण कोर्टाची तारीख चुकलेली बाबांना खपत नसे. दर दोन-अडीच महिन्यांनी ती यायची. आदल्या दिवशी आई त्यांच्या पांढऱ्या शर्टाला कडक इस्त्री करायची. सकाळी साडेनऊला बाबा कागदांची कापडी पिशवी काखोटीला मारून बेलवलीच्या घरातून उल्हासनगरला निघायचे. अंबरनाथच्या कारखान्यात फोरमन होते तेव्हा त्या दिवसाची रजा टाकायचे. निवृत्त झाल्यावर तर तारीख हे एकच काम उरलं, आणि ते त्यांनी नोकरीपेक्षा इमानाने केलं. संध्याकाळी परतले की आई विचारायची, "काय झालं?" बाबा चपला काढत म्हणायचे, "पुढची तारीख." दिवाणी दावा म्हटल्यावर आणखी काय होणार!

दावा सख्ख्या भावावर होता. चामटोलीचं आजोबांचं घर आणि मागची भाताची खाचरं यांच्या वाटणीवरून बाबांनी माझ्या मोठ्या काकांवर तो लावला, तेव्हा मी दहावीत होते. पण आईच्या जिव्हारी लागली ती वाटणी नव्हे. काका चार माणसांसमोर तिला म्हणाले होते, "हिनंच घर फोडलं." आई त्याच पावली चामटोलीहून निघाली आणि तिने सांगून टाकलं, मी जिवंत असेपर्यंत हा माणूस माझ्या उंबऱ्याच्या आत यायचा नाही. आई कमी बोलते आणि बोललेलं मागे घेत नाही. पुढची तीस वर्षं ना काका आमच्याकडे आले, ना आम्ही त्यांच्याकडे गेलो. माझ्या लग्नाची पत्रिकासुद्धा चामटोलीला गेली नाही.

गेल्या वर्षी बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. कारखान्यात शंभर माणसांना आवाजाने हलवणारा माणूस चमच्याने पातळ भात खाऊ लागला. मी रोज शाळा सुटली की त्यांच्याजवळ जाऊन बसायचे. ते डावा हात उचलून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे दाखवायचे आणि "ता... ता..." एवढंच म्हणायचे. तीन आठवड्यांनंतरच्या एका मंगळवारावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'कोर्ट'.

आईला लगेच कळलं. "तारखेची काळजी लागलीय यांना. वादीच गेला नाही तर कोर्ट दावा काढून टाकतं. अर्धा जन्म घातला त्यात, आता असा जायला नको. तू जाऊन बघून ये."

मी शाळेत गणित शिकवते. अर्धवट सोडवलेलं उदाहरण मला बघवत नाही, आणि राग माझ्या नाकावर असतो. बाबांचे वकील कधीच वारले होते. पिशवी उघडली तर आत दाव्याची जुनी प्रत, नंबराची जागा कोरीच, आणि पिवळं पडलेलं वकीलपत्र. अलीकडचा एकही कागद नाही. मोबाइलवर कोर्टाच्या साइटवर बाबांचं नाव घालून पाहिलं, काही सापडेना. तीस वर्षं कोर्टात जाणाऱ्या माणसाने एक दावा नंबर कुठे लिहून ठेवू नये, म्हणून मी त्या आजारी जिवावर मनातल्या मनात चिडले. मग रजा टाकून उल्हासनगरला गेले.

नकला देतात त्या खिडकीमागे एक बाई होत्या. चष्मा कपाळावर, शेजारी डबा. "दावा नंबर?"

"नाही."

"वर्ष?"

"मी दहावीत होते तेव्हाचा आहे."

त्यांनी चष्मा खाली घेतला. "मॅडम, तुमची दहावी आमच्या रजिस्टरला नाही ना. साल सांगा."

मी साल सांगितलं. त्यांनी मला अर्जाचा नमुना सांगितला आणि बाहेरच्या टायपिस्टकडे पाठवलं. बाबांच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेतलेलं अधिकारपत्र मी घरूनच आणलं होतं. कोर्ट फीचा स्टॅम्प लावून अर्ज दिला. "आठ दिवसांनी या," त्या म्हणाल्या, "जुनं दप्तर आहे, शोधावं लागेल." मी कुरकुरत निघाले, पण आठ दिवसांनी गेले तेव्हा त्यांनी खरोखरच शोधून ठेवलं होतं. एवढं मोठं रजिस्टर माझ्यापुढे फिरवून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"हा तर निकाली आहे. वादीने दावा काढून घेतला. एकवीस वर्षं झाली."

"शक्यच नाही," मी म्हणाले. "बाबा दोन महिन्यांपूर्वी तारखेला आले होते."

"बाबा आले असतील हो," त्या अगदी मऊपणे म्हणाल्या. "दावा नव्हता आला."

खरं सांगते, एका क्षणात माझ्या मनात नको नको ते येऊन गेलं. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, दर दोन-अडीच महिन्यांनी दिवसभर गायब. वयाची पंचेचाळिशी ओलांडलेली मी त्या खिडकीशी उभी राहून आपल्या ऐंशीच्या बापावर संशय घेत होते. तेवढ्यात बाईंनी दप्तरातला कागद पुढे केला. वादीस सदरचा दावा पुढे चालवायचा नाही, असं त्यावर लिहिलेलं होतं. खाली बाबांची सही होती. तिच्या शेजारी, जरा वाकडी, प्रतिवादीची. दोघांच्या सह्या एकाच निळ्या शाईत होत्या.

मी घरी काही बोलले नाही. "तारीख मंगळवारचीच आहे, मी जाते," एवढंच सांगितलं. ते ऐकून बाबा शांत झोपले.

मंगळवारी कोर्टाच्या आवारात टायपिस्टांच्या पलीकडे, झाडाखालच्या बाकावर एक म्हातारा बसला होता. डोक्यावर टोपी, मांडीवर कापडी पिशवी. तीस वर्षांत पाहिलं नव्हतं, पण नाक अगदी बाबांचं होतं. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि चेहरा फुलला.

"तू त्याची पोरगी ना गं? आन् तुजा बापूस कंय हाय? येवढा उशीर? त्याला सांग, वादी हजर नाय र्‍हायला तं दावा काढून टाकतंत!"

आणि स्वतःच्याच विनोदावर ते खळखळून हसले. ते हसणं संपेपर्यंत मी थांबले, मग सांगितलं. असं काही सांगायची वेळ कुणावर येऊ नये. ते पिशवीचे बंद बोटांत गुंडाळत राहिले, सोडत राहिले. आमच्या दोन घरांत बोलणं नसल्यामुळे सख्ख्या भावाला झटका आलेला त्यांना माहीतच नव्हता. सव्वा महिना होऊन गेला होता.

हळूहळू त्यांच्याकडून सगळं कळलं. दावा काढून घेतला त्या दिवशी दोघे भाऊ कोर्टाच्या बाहेर आले, चहा प्यायले, आणि घरी जायला कुणाचाच पाय निघेना. "सातबाऱ्यावर दोघांची नावं हाईत. भांडाया काय उरलंवतं?" काका म्हणाले. "पन तुज्या आयशीला सांगायची त्याची छाती नव्हती. आन् माजी तं त्याहून नव्हती. वंगाळ मीच बोललेलो." मग बाबांनीच तोडगा काढला होता. पुढची तारीख घेऊ, ते म्हणाले होते. तेव्हापासून दोघे आपसांत तारीख ठरवायचे, या बाकावर भेटायचे, उल्हासनगरच्याच कॅम्प पाचमधल्या एका सिंधी शेठच्या गाडीवर दाल-पकवान, म्हणजे डाळ आणि कडक तळलेली पुरी, खायचे आणि चार वाजेपर्यंत बसायचे. तारखेच्या दिवशी बाबांना रात्री भूक का नसायची, ते मला तेव्हा समजलं. मी एवढी गणिताची बाई, पण एकवीस वर्षांत हा हिशेब मला सुटला नव्हता.

निघताना काकांनी शेजाऱ्याचा फोन नंबर दिला आणि माझा हात धरला. "येकदा बघू दे गं मला त्याला. लांबूनच बघीन."

आता सगळं आईवर होतं. मी त्याच संध्याकाळी तिला स्वयंपाकघरात सांगितलं, काही न लपवता. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मनातून तिला ठाऊकच असेल. तसलं काही नव्हतं. ती भडकली. "एकवीस वर्षं?" ती म्हणाली. "एकवीस वर्षं मी शर्टाला इस्त्री करून दिली? देवाला हात जोडायचे मी, दाव्याचा निकाल यांच्या बाजूने लागू दे म्हणून!" मग आतल्या खोलीत जाऊन तिने बाबांना जे सुनावलं, ते झटका आलेल्या माणसाला कुणी सुनावत नाही. बाबा डाव्या डोळ्याने रडत होते आणि, शपथेवर सांगते, थोडे हसतही होते.

"मग काकांना बोलावू?" मी विचारलं.

"तो माझ्या उंबऱ्याच्या आत यायचा नाही. मी जिवंत आहे अजून."

आठ दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. बाबा "ता... ता..." म्हणायचे, ती तोंड फिरवायची. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, पुन्हा झटका आला तर अवघड आहे. मी आईवर चिडले, तिच्याशी भांडले. तुझा शब्द मोठा की हा माणूस, इथपर्यंत बोलले. नवव्या दिवशी सकाळी पाहते तर तिने बाबांची दाढी केली होती, त्यांना पांढरा शर्ट घातला होता.

"रिक्षा सांग," ती म्हणाली. "यांना कोर्टात न्यायचंय. त्या माणसालाही कळव."

रिक्षा अंबरनाथवरून हळूहळू नेली. मागे मध्ये बाबा, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला त्यांना घट्ट धरून आई. उल्हासनगरला पोचलो तेव्हा काका कोर्टाच्या फाटकाशीच उभे होते, हातात दाल-पकवानचं पार्सल. रिक्षा पाहून ते चार पावलं धावत आले आणि आईला पाहून जागच्या जागी थबकले. आई समोर रस्त्याकडे बघत होती. बाबांच्या घशातून एक आवाज निघाला. तो "ता" नव्हता. तो "दा" होता. दादा.

आई रिक्षातून उतरली. पदर खोचला, बाजूला सरकली. बसायला तिची जागा मोकळी झाली होती, पण काका काही हलेनात. तेव्हा ती माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "त्यांना सांग, पकवान द्यायचं नाही. नुसती डाळ, पाणी घालून, छोट्या चमच्याने. डाव्या गालात. यांना ठसका लागतो."

काकाही माझ्याकडेच बघून बोलले. "आयशीला सांग, पोरपनी आई शेतावर जायची तवा त्याला मीच भरवायचो."

आईने पिशवीतून चमचा काढला, पदराला पुसला आणि माझ्याकडे न देता, तोंड फिरवूनच, हात लांब करून त्यांच्यापुढे धरला.

"मग भरवा म्हणावं," ती म्हणाली. "गार होतंय."