ससोबांचा दांडगा पंखा

वायरमनच्या कामात अख्खी हयात गेली, पण ससोबांची विजेची भीती काही गेली नाही. ससोबा हे नाव गल्लीनंच ठेवलेलं. बटण दाबायचं तर आधी बोटाची उलटी बाजू लावून बघणार, मग तोंड फिरवून दाबणार. लोक हसायचे. पण या माणसाला जन्मात एकदाही शॉक बसला नाही, हेही त्याच लोकांना कबूल करावं लागायचं. भीती हीच त्यांची अक्कल म्हणा ना! एकदाच तिनं दगा दिला.

झालं काय, सुनेनं मागच्या खोलीत दिव्यांखाली टोमॅटो, मिरची, फुलझाडं अशी रोपं लावली होती. हवा कोंडलेली, त्यामुळे बुरशी धरली आणि कोवळी रोपं माना टाकायला लागली. "बाबा, हवा बाहेर खेचणारा एक पंखा बसवून द्या ना," ती म्हणाली.

झालं! लहान पंखा पुरला नाही तर? जळला तर? घाबरून ससोबांनी हॉटेलच्या भटारखान्यात लावतात तसला दांडगा पंखा उचलला. दुकानदार म्हणाला, "काका, रोपं वाढवायचीत की उडवायचीत?"

वर पुन्हा किड्यांची भीती. म्हणून दाराच्या, खिडकीच्या सगळ्या फटी चिकटपट्टीनं बुजवल्या. पंखा सुरू झाला तशी मांडणीवरची भांडी थरथरली. बायको कडाडली, "घरात विमान उतरवताय का? आता या घरात एक तर तो राहील, नाहीतर मी!" ससोबा भिऊन गप्प. तेच तिला झोंबलं. तिनं अबोला धरला आणि टॉवेल घेऊन तरातरा न्हाणीघरात गेली.

इकडे ससोबांना नवीच धास्ती. एवढी हवा बाहेर जाते, मग आत येते कुठून? एक दोरा घेऊन ते फटी तपासू लागले. दाराशी दोरा लोंबता, खिडकीशी लोंबता. मग रोपांच्या मांडणीमागे, अगदी वर, एक झरोका दिसला. स्टूलवर चढून तिथं दोरा धरला, तर तो सुसाट आत उडाला. आणि तोंडावर गरम, जळकट वाफ आली.

झरोक्यापलीकडे न्हाणीघर. तिथं गॅसचा गीझर पेटलेला. ज्या नळीतून त्याचा धूर बाहेर जायचा, त्याच नळीतून पंखा बाहेरची हवा आत ओढत होता. धूर सगळा न्हाणीघरात! स्टूलवरून उडी मारून ते न्हाणीघराच्या दाराशी धावले.

"अगं, ऐकतेस का?"

उत्तर नाही. नुसती बादली वाहत होती.

"अगं ए, बोल की!"

सून म्हणाली, "बाबा, आई रागावल्यात. अशा नाही बोलायच्या त्या."

हीच तर पंचाईत! हा अबोला की दुसरंच काही? दार फोडलं आणि ती धडधाकट निघाली, तर महिनाभर तोंड बघायची नाही. आणि नाही फोडलं तर?

"पंखा बंद कर! गॅस बंद कर!" असं ओरडून, बोट न लावता, काही न तपासता त्यांनी दारावर खांदा घातला. दुसऱ्या धडकेला कडी निघाली.

बायको भिंतीला टेकून बसलेली. डोळे अर्धवट मिटलेले, मान कलंडलेली. दोघांनी टॉवेलात गुंडाळून गॅलरीत आणलं, तिथून दवाखान्यात. नाकावर प्राणवायूची नळी लागली. ससोबा पायाशी बसून विनवत होते, "शिव्या दे गं, पण बोल."

संध्याकाळी ती बोलली. "तुमची पहिली हाक ऐकली होती मी. म्हटलं, ओरडू दे. दुसरीला 'ओ' द्यायची होती हो, पण जीभच हलेना." हे ऐकून ससोबांना जो घाम फुटला, तो दाराशी असतानाही फुटला नव्हता.

मग दांडगा पंखा परत गेला. खोलीच्या मापाचा छोटा आला. समोरच्या भिंतीत खाली भोक पाडून जाळी लावली, म्हणजे हवेला आत यायला हक्काची वाट. झरोका विटांनी बुजवला, गीझर घराबाहेरच्या भिंतीवर गेला. रोपांनीही बाळसं धरलं.

अबोले मात्र अजून होतात. बायको अंघोळीला गेली की ससोबा दाराबाहेर स्टूल टाकून बसतात आणि सारखे विचारतात, "आहेस ना गं?" अबोला असेल तर आतून बादलीवर तांब्या आपटल्याचा आवाज येतो. कधी कधी जरा जोरातच येतो.