इंदूवैनींचं राहतं घर

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. दापोलीच्या बहिणीजवळसुद्धा नाही — आणि तिला तर मी नवऱ्याच्या घोरण्यापासून सगळं सांगत आले. तुम्ही ओळखीचे नाही, ते बरं. ओळखीच्या माणसाला सांगायचं तर आधी त्याच्या डोळ्यांकडे बघावं लागतं.

मी तशी तोंडाची फटकळ. रत्नागिरीत बंदराकडच्या आमच्या आळीत नळाला पाणी आलं नाही, कुणी दारात मासळीचं पाणी ओतलं, की सगळे मला पुढे करायचे. विधवा बाई, पण कुणाच्या बापाला भिणार नाही — असं म्हणायचे. मलाही ते खरं वाटायचं.

आळीच्या आमच्या टोकाला दोनच घरांत चूल पेटायची. एक माझं, एक शेजारच्या इंदूवैनींचं. बाकीची घरं मुंबईकरांची — गणपतीला उघडायची, मग पुन्हा कुलूप, आणि किल्ल्या माझ्याकडे. अधूनमधून दार उघडून केर काढायचा, देवापुढे दिवा लावायचा. आमच्याकडे हे कुणी कुणाला शिकवत नाही. इंदूवैनी लेकीच्या बाळंतपणाला जयगडला गेल्या, तेव्हा त्यांनीही किल्ली माझ्याच हातात दिली.

नेमका त्याच दिवसांत पालिकेचा माणूस पाहणीला आला. आमची आळी पाडून तिथे इमारत बांधायची योजना होती. जे मालक घरात राहतात त्यांना त्याच जागी घर; ज्यांची घरं बंद, त्यांना गावाबाहेर सड्यावर. किल्ल्या माझ्याकडे, म्हणून तो माझ्याच ओटीवर बसला. मी त्याला कोकम सरबत दिलं. बोलता बोलता म्हणाला, इथे जागा थोड्या आहेत, राहती घरं जास्त निघाली तर काहींना सड्यावर जावंच लागेल. साधंच बोलला तो. पण माझ्या डोळ्यांपुढे सडाच आला. सडा म्हणजे काय? उघडा कातळ, वारा, आणि दिवेलागणीनंतर माणसाचा आवाज नाही. तिथे मी — एकटी?

मग त्याने इंदूवैनींच्या दाराकडे बोट केलं. हेही बंदच का?

आता बघा — दाराला कुलूप होतं. त्या दिवशी होतंच. मग मी खोटं बोलले का? कितीदा मी हे स्वतःला विचारलं, आणि कितीदा स्वतःची सुटका करून घेतली! पण तो कुलपाबद्दल विचारत नव्हता. ते मला कळत होतं. मी म्हटलं, हो, बंदच असतं.

वैनी परतल्या तोवर त्यांना सड्यावरची जागा ठरली होती. त्यांना वाटलं, काहीतरी चूक झाली, हरकत घेतली की सुधारेल. पण पुरावा काय दाखवणार? रेशनकार्ड मुलाबरोबर मुंबईला, घर अजून सासऱ्यांच्या नावावर, विजेचं बिल एका दिव्याचं. उरली शेजाऱ्याची साक्ष. त्या माझ्याकडे आल्या. "तू हायस म्हणून मला काय भ्या नाय गो. सांगशील ना, माजा घर बंद नव्हता म्हणून?"

"म्हंजे काय!" मी म्हटलं. "सांगेन नाय तर काय?"

पण सुनावणीला तो पाहणीवाला असणार. तो म्हणणार, बंद असतं असं तुम्हीच सांगितलंत ना? सगळ्या आळीसमोर म्हणणार. सुनावणीच्या दिवशी सकाळी, बहीण आजारी आहे असं सांगून मी दापोलीची एसटी धरली. बहीण ठणठणीत होती. मला बघून हरखली, माशाचं कालवण केलं. मी जेवले. हो, पोटभर जेवले.

परतल्यावर इंदूवैनींनी पहिलं काय विचारलं असेल?

"भैन बरी हाय ना गो?"

सुनावणीचं नंतर बोलल्या, तेही मी काढलं म्हणून. साक्षीला कुणीच आलं नाही, हरकत फेटाळली. माझ्यावर राग? नाही. एवढासुद्धा नाही.

आता मी जुन्या जागीच राहते, इमारतीत, वरच्या मजल्यावर. शेजारची घरं मुंबईच्या लोकांनी विकत घेतली. मे महिन्यात येतात, एरवी जिन्यात माझ्याच चपला वाजतात. ज्या एकटेपणाला भ्याले, तो इथेच येऊन बसला. बसू दे. इंदूवैनी सड्यावर आहेत. रिक्षा जाते तिथे. मी निघते, आणि नाक्यावरून परत येते.

एक राहिलं. घर सोडण्याआधी वैनींनी ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घातलं. नारळ ठेवला, गुरवाने हात जोडले. आळीतली आम्ही चार माणसं मागे, आणि वैनींनी आधाराला माझा हात धरलेला. गुरव म्हणाला, "ह्या बाईचा राहता घर ज्या कोनी बंद सांगितला आसल, त्याला हितं तुज्या म्होरं उबा कर रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला मागच्यांनी होकार द्यायचा असतो. सगळ्यांनी दिला. मी देवासमोरच उभी होते. मीही म्हटलं, "व्हय म्हाराजा."